इंधनावरचा कर आणि रस्त्यावरचे खड्डे

रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी पेट्रोल-डिझेलवरील कर वाढवावा काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ दराचा वाटतो. लिटरमागे एक रुपया वाढवायचा की दोन, एवढाच वाद त्यात आहे असे दिसते. प्रत्यक्षात त्यात तीन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत: रस्त्याची झीज नेमकी कोणामुळे होते, त्या झिजेचा खर्च इंधनाच्या वाटेने त्याच्याचकडून वसूल होतो का, आणि वसूल झालेला पैसा ज्या रस्त्यावर खड्डा पडला त्या रस्त्यापर्यंत पोहोचतो का. रस्त्यांचे नाव घेऊन इंधनावर कर बसवण्याची पद्धत भारतात जवळपास शंभर वर्षे जुनी आहे, आणि या काळाचा जमाखर्च मांडला तर दराइतकेच, किंबहुना दरापेक्षाही अधिक, त्या पैशाच्या प्रवासाकडे लक्ष द्यावे लागते.

जयकर समिती आणि दोन आण्यांचा कर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातील पक्का रस्ता म्हणजे बहुतांशी खडी आणि मुरूम पसरून, पाणी मारून आणि वरून रूळ फिरवून दाबलेला रस्ता असे. बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावांनी त्यावर चाकोऱ्या पडत. तरी गाड्यांचा वेग मंद असल्याने असा रस्ता थोड्याफार डागडुजीवर तग धरून राही. पहिल्या महायुद्धानंतर वेगाने धावणाऱ्या मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या, तेव्हा त्यांच्या रबरी चाकांमुळे खडीच्या फटींतला बारीक मुरूम उपसला जाऊ लागला आणि सुटी झालेली खडी विखरू लागली. डांबराचा थर हा यावरचा उपाय होता, पण तो खर्चिक होता. आणि १९१९ च्या राजकीय सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय ठरल्यामुळे त्यांचा भार प्रांतिक सरकारांवर आणि त्यांच्याखालच्या लोकल बोर्डांवर येऊन पडला होता, ज्यांच्या उत्पन्नाची साधने मुळातच तुटपुंजी होती.

या पेचातून वाट काढण्यासाठी १९२७ मध्ये एक समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद मुंबईचे बॅरिस्टर व मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य मुकुंद रामराव जयकर यांच्याकडे देण्यात आले. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. समितीने १९२८ मध्ये दिलेल्या अहवालाचा गाभा असा होता की, रस्त्यांचा विकास लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला असल्याने तो राष्ट्रीय महत्त्वाचा विषय मानावा, त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा, रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांनी अनुभवांची देवाणघेवाण करावी म्हणून एक तांत्रिक मंडळ असावे आणि संशोधनासाठी एक संस्था असावी. यातील तांत्रिक मंडळ १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस या नावाने अस्तित्वात आले, तर दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास, उभी राहिली.

निधीची सूचना मात्र तातडीने अमलात आली. मार्च १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. त्याच्या वाटपाची रीत साधी होती: सुमारे एक पंचमांश रक्कम मध्यवर्ती सरकारने संशोधन आणि विशेष कामांसाठी राखून ठेवायची, आणि उरलेली प्रांतांना त्यांच्या हद्दीतील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात द्यायची. ज्या प्रांतात मोटारी अधिक धावतात तेथील रस्ते अधिक झिजतात आणि तेथेच पेट्रोलही अधिक खपते, हा त्यामागचा तर्क होता. ‘वापरणाऱ्याने भरावे’ या नावाने अर्थशास्त्रात ओळखले जाणारे तत्त्व ते हेच, आणि करदाता व रस्ता यांच्यातले नाते या योजनेत कोणालाही कागदावर तपासून पाहता येत होते. तिचे वैगुण्य निराळे होते: कर ठरावीक रकमेत बांधलेला असल्याने महागाईबरोबर त्याची किंमत घटत गेली, आणि मजुरी, डांबर, खडी सर्व काही कित्येक पटींनी महागले तरी ही आकारणी अनेक दशके लिटरमागे काही पैशांच्या घरातच रेंगाळली.

कर, उपकर आणि वाटेकरी

सध्याच्या पद्धतीकडे वळण्यापूर्वी तीन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. साधा कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि त्यातून कोणताही खर्च करता येतो. ‘उपकर’ एखाद्या कामाचे नाव घेऊन लावला जातो आणि तो त्याच कामावर खर्च व्हावा अशी अपेक्षा असते. तर ‘अधिभार’ म्हणजे मूळ कराच्या वर चढवलेला जादा कर. केंद्राच्या करांपैकी ठरावीक हिस्सा राज्यांना देणे संविधानाच्या अनुच्छेद २७० नुसार बंधनकारक आहे. पण उपकर आणि अधिभार त्या वाटपातून वगळलेले आहेत. त्यामुळे कराचा एक रुपया आणि उपकराचा एक रुपया यांत ग्राहकाच्या दृष्टीने काडीचाही फरक नसला, तरी राज्यांच्या दृष्टीने तो मोठा असतो.

जुन्या रस्ते निधीला नवे रूप मिळाले ते १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसला तेव्हा, आणि केंद्रीय रस्ते निधी कायदा, २००० याने त्याला वैधानिक आधार दिला. राष्ट्रीय महामार्गांच्या चौपदरीकरणाचा मोठा कार्यक्रम आणि पंतप्रधान ग्रामसडक योजना यांना या पैशाने बळ दिले, हे निर्विवाद आहे. उपकर २००३ मध्ये दीड रुपया, २००५ मध्ये दोन रुपये, २०१५ मध्ये सहा रुपये आणि २०१८ मध्ये आठ रुपये झाला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात कच्चे तेल कोसळलेले असताना, तो अठरा रुपयांवर गेला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधील कपातींनंतर तो पेट्रोलवर पाच रुपये आणि डिझेलवर दोन रुपये एवढा उरला. या चढउतारांत एक गोष्ट ध्यानात येते. उपकराचा दर रस्त्यांच्या गरजेनुसार वरखाली झाला नाही. तो कच्च्या तेलाचा भाव, महागाई आणि तिजोरीची ओढाताण पाहून हलत राहिला. अठरा रुपयांचा उपकर दोन वर्षांत दोन रुपयांवर आला, म्हणून देशातील रस्त्यांची झीज त्याच प्रमाणात घटली असे कोणी म्हणणार नाही.

मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राची एकूण आकारणी लिटरमागे १९ रुपये ९० पैसे होती. त्यात मूळ उत्पादन शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते. बाकी सर्व रक्कम विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी उपकर या नावांखाली जमा होत होती. राज्यांना वाटून द्यायची ती फक्त मूळ शुल्कातून, आणि पंधराव्या वित्त आयोगाने ठरवलेल्या ४१ टक्के हिश्शाने हिशेब केला तर सगळ्या राज्यांच्या वाट्याला मिळून लिटरमागे जेमतेम ५७ पैसे येत होते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे आणखी दोन रुपये वाढवले, तेही विशेष अतिरिक्त शुल्काच्या नावाखाली.

राज्ये आपला कर मूल्यवर्धित कराच्या, म्हणजे व्हॅटच्या, रूपाने वेगळा घेतात, कारण पेट्रोल आणि डिझेल अद्याप वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणलेले नाहीत. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून सर्वत्र पेट्रोलवर २५ टक्के आणि त्याखेरीज लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, तर डिझेलवर २१ टक्के अशी आकारणी लागू झाली. ही रक्कम कोणत्याही एका कामाशी बांधलेली नाही. इंधनाची आकारणी अडीअडचणीला धावून येते, ही शासनाची सवय जुनी आहे. २०१५ च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये जादा घेतले, ते दुष्काळाच्या नावाने.

पैशाला फुटलेल्या वाटा

इंधनावरचा कर शासनाला इतका प्रिय का, याचे उत्तर त्याच्या वसुलीत आहे. मोजक्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि डेपोंच्या दारातच तो वसूल होतो, लाखो करदात्यांच्या मागे फिरावे लागत नाही, चुकवेगिरी अवघड असते आणि वसुलीचा खर्च नगण्य असतो. देशातील सध्याचा खप पाहता दोन्ही इंधनांवर लिटरमागे एक रुपया वाढला की वर्षाला पंधरा-सोळा हजार कोटी रुपये जमा होतात. शिवाय जो अधिक वाहन चालवतो तो अधिक भरतो, आणि इंधनाच्या धुराचा उपद्रव पाहता त्यावर कर असणे सार्वजनिक हिताचेही आहे. करवाढीच्या बाजूने असलेले हे मुद्दे भक्कम आहेत आणि ते झटकून टाकता येणार नाहीत.

अडचण सुरू होते ती पैसा जमा झाल्यानंतर. उपकराची रक्कम प्रथम भारताच्या एकत्रित निधीत जाते आणि मग संसदेच्या मंजुरीने रस्ते निधीत वळवली जाते. या दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत बरेच काही घडू शकते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१८-१९ च्या हिशेबांवर दिलेल्या अहवालात असे दाखवले की, त्या वर्षी निरनिराळ्या उपकरांतून सुमारे पावणेतीन लाख कोटी रुपये जमा झाले, पण त्यातील एक लाख कोटींहून अधिक रक्कम संबंधित राखीव निधींपर्यंत पोहोचलीच नाही. रस्त्यांचा उपकरही या त्रुटीतून सुटला नव्हता.

वाटपाचे सूत्रही काळाबरोबर सैल झाले. २००० च्या कायद्यानुसार डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखून ठेवला जाई. उरलेल्या रकमेपैकी साडेसत्तावन्न टक्के राष्ट्रीय महामार्गांना, साडेबारा टक्के रेल्वेवरील पूल व फाटकांच्या सुरक्षिततेला आणि तीस टक्के राज्यांच्या रस्त्यांना मिळत. २०१८ मध्ये कायद्यात बदल करून निधीच्या नावातच पायाभूत सुविधांचा समावेश झाला आणि ऊर्जा, पाणीपुरवठा, दळणवळण, शाळा-रुग्णालयांसारख्या सामाजिक सुविधा अशा अनेक क्षेत्रांना त्याची दारे उघडली. ही सर्व कामे गरजेची आहेत यात वाद नाही. परंतु ‘रस्त्यासाठी भरा’ असे सांगून घेतलेला पैसा जेव्हा कशासाठीही वापरता येतो, तेव्हा उपकर आणि साधा कर यांत नावापलीकडे फारसे अंतर उरत नाही.

याहून खोल विसंगती रस्त्यांच्या मालकीत आहे. भारतातील रस्त्यांचे जाळे सुमारे ६३ लाख किलोमीटरचे असून त्यात राष्ट्रीय महामार्ग १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे २.३ टक्के आहेत. त्यांवरून देशातील सुमारे चाळीस टक्के रस्तेवाहतूक होते असे सांगितले जाते. म्हणून त्यांना मोठा वाटा मिळावा हे समजण्यासारखे आहे. पण उरलेली वाहतूक ज्या रस्त्यांवरून होते त्यांचे मालक वेगळे आहेत. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग जिल्हा परिषदांकडे, तर शहरातले रस्ते महापालिका व नगरपालिकांकडे आहेत. नगरपालिकेच्या हद्दीतील पंपावर भरलेल्या पेट्रोलमधून तिच्या रस्त्यासाठी थेट असे काही येत नाही. एकेकाळी जकात हे महापालिकांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर गेली आणि तिच्या जागी राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर विसंबून राहावे लागले. वाहने वाढतात, इंधन खपते, कर वर जातो आणि खड्डा खाली राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही व्यवस्था आहे.

खड्डा कसा पडतो

दुरुस्तीला किती पैसा लागतो, हे ती केव्हा केली जाते यावर अवलंबून असते, आणि त्यासाठी रस्त्याची अंतर्गत रचना थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. डांबरी रस्ता हा एकसंध पदार्थ नसून थरांची उतरंड असते: तळाला दाबलेली माती, तिच्यावर मुरूम किंवा जाड खडीचा निचरा होऊ देणारा थर, त्यावर नीट प्रतवारी केलेली दाबलेली खडी आणि सर्वांत वर डांबर मिसळलेल्या खडीचे एक किंवा दोन थर. वाहनाचे वजन वरच्या थरांनी पसरवत पसरवत खालच्या मातीपर्यंत न्यायचे असते, आणि माती कोरडी असेपर्यंतच ती ते पेलू शकते. मराठवाडा आणि विदर्भातील काळी माती या दृष्टीने विशेष त्रासदायक आहे, कारण पाणी शोषताच ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ता वर्षातून दोनदा हलतो, असे म्हटले तरी चालेल.

ऊन आणि रहदारी यांमुळे डांबर काही वर्षांत कडक होते आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. या भेगांतून पावसाचे पाणी आत शिरते, वरून जाणारे प्रत्येक चाक ते पाणी दाबाने खडी आणि डांबर यांच्या मधल्या फटीत घुसवते, डांबराची पकड सुटते, खडी उखडते आणि खालचा थर उघडा पडतो. साइडपट्टी खचलेली असेल, गटार तुंबलेले असेल किंवा मोरी बुजलेली असेल, तर पाणी बाजूनेही शिरते आणि काम आणखी वेगाने बिघडते. भेगांच्या टप्प्यावर त्या डांबराने भरून पातळ थर देणे पुरते. त्यानंतर वरचा संपूर्ण थर बदलावा लागतो. आणि तोही टप्पा चुकला तर रस्ता तळापासून उकरून नव्याने बांधावा लागतो. कोकणात मिरगाच्या आधी कौले चाळून घेतली नाहीत तर पुढे वासेही बदलावे लागतात, तसाच हा प्रकार आहे.

जागतिक बँकेने १९८८ मध्ये विकसनशील देशांतील रस्त्यांच्या दुरवस्थेवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या विलंबाची किंमत मांडली होती: ८५ देशांत देखभालीअभावी सुमारे ४५ अब्ज डॉलर किमतीचे रस्ते वाया गेले होते, आणि वेळीच देखभाल झाली असती तर हे नुकसान १२ अब्ज डॉलरहून कमी खर्चात टळले असते. तरीही जगभरातील सरकारांचा कल नव्या बांधकामाकडेच राहतो, कारण नव्या रस्त्याचे उद्घाटन करता येते, भरलेल्या भेगेचे करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अलीकडच्या अर्थसंकल्पांत देखभाल-दुरुस्तीची स्वतंत्र तरतूद एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास राहिलेली आहे. टोलच्या किंवा दीर्घ मुदतीच्या कंत्राटांत देखभालीची जबाबदारी कंत्राटदारावर असते, ती यात मोजली जात नाही, हे लक्षात घेतले तरी हे प्रमाण लहानच आहे. म्हणजेच करवाढीचा पैसा सध्याच्याच साच्यात ओतला, तर त्यातून नवे किलोमीटर वाढतील आणि जुन्या रस्त्यांच्या भेगा तशाच राहतील, ही शक्यता मोठी आहे.

पैसा हेच खड्ड्यांचे एकमेव कारण नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी रखडत राहिले, त्यामागे भूसंपादनातील वाद आणि कंत्राटदारांनी अर्ध्यावर सोडलेली कामे ही प्रमुख कारणे होती. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम, त्यावर सैल देखरेख आणि दोष आढळल्यास कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याच्या कालावधीची ढिली अंमलबजावणी, ही साखळी तोडल्याशिवाय कोणताही दर पुरेसा ठरणार नाही.

झीज कोणाची, भरणा कोणाचा

‘वापरणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व इंधनाच्या कराने कितपत पाळले जाते, हे साध्या गणिताने पाहता येते. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी दुचाकी, अठरा किलोमीटर जाणारी पेट्रोलची मोटार आणि चार किलोमीटर जाणारा मालवाहू ट्रक अशी तीन वाहने घ्यावीत. पेट्रोलवर पाच रुपये आणि डिझेलवर दोन रुपये या उपकराने दुचाकी किलोमीटरमागे १० पैसे भरते, मोटार सुमारे २८ पैसे आणि ट्रक ५० पैसे. ट्रकचा भरणा मोटारीच्या दुप्पटही होत नाही.

झिजेचे प्रमाण मात्र अगदी निराळे आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या मार्गांवर दोन वर्षे वजनदार वाहने फिरवून एक मोठा प्रयोग करण्यात आला, आणि त्यातून रस्त्याची हानी ही आसावरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष निघाला. आस म्हणजे समोरासमोरच्या चाकांना जोडणारा दांडा. त्यावर पडणारे वजन दुप्पट झाले तर हानी दुप्पट न होता सोळा पट होते. एक टन भाराचा मोटारीचा आस आणि दहा टन भाराचा ट्रकचा आस यांची तुलना केली, तर हानीचे गुणोत्तर एकास दहा हजार असे येते. वजन वीस टक्क्यांनी जादा भरले तरी हानी दुपटीहून अधिक होते. भारतात २०१८ मध्ये चार चाकांच्या एका आसावरील भाराची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वाहतूकदारांच्या दृष्टीने ही सुमारे तेरा टक्के वाढ असली, तरी चौथ्या घाताच्या हिशेबाने पूर्ण भरलेल्या आसामागे झीज साठ टक्क्यांहून अधिक वाढते.

याचा अर्थ ट्रकवाल्याला दोषी ठरवावे असा नाही. तो जे वाहतो ते सर्वांच्याच घरात पोहोचते, आणि तो टोल व वाहनकर वेगळा भरतोच. परंतु इंधनाचा कर झिजेच्या प्रमाणात खर्च वाटून देतो हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. २०१३-१४ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयासाठी झालेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींमध्ये भरले जाते. म्हणजे पेट्रोलवरच्या उपकराचा मोठा भाग असे वाहन भरते, ज्याच्यामुळे रस्ता जवळजवळ झिजतच नाही आणि ज्याच्या चालकासाठी खड्डा सर्वांत जीवघेणा असतो. त्याच पाहणीत सुमारे १३ टक्के डिझेल शेतीत, म्हणजे ट्रॅक्टर, पंप आणि अवजारांत, जळत असल्याचे दिसले. शेतात नांगरणी करणाराही रस्त्याचा उपकर भरत असतो.

डिझेलवरील कर वाढवण्याचा परिणाम वाहनधारकापुरता मर्यादित राहत नाही. नाशिकहून वाशीच्या बाजारात जाणारा कांदा असो की सिमेंटची पोती असोत, भाड्यातली वाढ शेवटी मालाच्या किमतीत उतरते, आणि उत्पन्नाच्या तुलनेत तिचा चटका गरिबाला अधिक बसतो. इंधनाचा भाव वाढला तरी कामावर जाणाऱ्याला प्रवास लगेच टाळता येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत अशा मागणीची लवचिकता कमी असते. सरकारला उत्पन्नाची खात्री वाटते ती याच कारणाने, आणि सामान्य माणसाची सुटका होत नाही तीही याच कारणाने.

इतर देशांचा अनुभव

रस्त्यांसाठी इंधनावर कर घेण्याचा मार्ग अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने १९१९ मध्ये, गॅलनमागे एक सेंट बसवून, खुला केला. पुढे १९५६ मध्ये संघीय महामार्ग निधी स्थापन झाला आणि त्यातून त्या देशाचे महामार्ग उभे राहिले. परंतु पेट्रोलवरचा संघीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर गोठलेला आहे. महागाईने त्याची किंमत खाल्ली, मोटारी कमी इंधन पिऊ लागल्या आणि २००८ पासून त्या निधीला सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार रक्कम पुरवावी लागली. दोन आण्यांच्या बाबतीत भारतात जे घडले तेच तेथे मोठ्या प्रमाणावर घडले.

ब्रिटनचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. तेथे मोटारींवरच्या करातून रस्ते निधी उभारला गेला होता. पण त्यात शिल्लक साठताच अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १९२६ आणि १९२७ मध्ये तिला हात घातला, १९३७ पासून वाहनकर थेट सर्वसाधारण तिजोरीत जाऊ लागला आणि १९५५ च्या कायद्याने तो निधीच मोडीत निघाला. एका देशात निधी टिकला पण दर कुजला; दुसऱ्यात दर होता पण निधीला राखणदार उरला नाही.

न्यूझीलंडने मात्र १९७८ पासून डिझेल वाहनांसाठी वेगळी पद्धत अवलंबली. तेथे वाहनधारक ठरावीक किलोमीटरांचा परवाना आधी विकत घेतो आणि त्याचा दर वाहनाचे वजन व आसांची संख्या यांवर ठरतो. म्हणजे इंधनाऐवजी झीजच मोजली जाते. १ एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या हलक्या वाहनांनाही ही आकारणी लागू झाली, आणि हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर असा तिचा दर ठेवण्यात आला.

विजेवरील वाहनांचा मुद्दा भारतालाही दूरचा नाही. विजेवर धावणारी बस किंवा मोटार तिच्या बॅटरीमुळे साधारणपणे अधिक जड असते, रस्ता वापरते, पण इंधनाचा कर भरत नाही. आज तिला सवलत देण्यामागे हवेच्या शुद्धतेचे रास्त कारण आहे. तरी अशी वाहने वाढत जातील तसतसा इंधनाच्या कराचा पाया आकुंचन पावेल, आणि ज्यांना नवे वाहन परवडत नाही अशा जुन्या दुचाकीवाल्यांवर त्याचा भार एकवटत जाईल. दुरुस्तीची कायमची सोय अशा आटत्या झऱ्यावर बांधणे धोक्याचे आहे.

कोणत्या अटींवर

इंधनाच्या कराला पर्याय म्हणून टोलकडे बोट दाखवले जाते. पण टोल सर्वच रस्त्यांवर घेता येत नाही आणि लोकांनी तो मान्य करावा लागतो. कोल्हापुरात शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ आंदोलन झाले आणि २०१५ च्या अखेरीस तो रद्द करावा लागला. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी मिळाली. रोजच्या वापरातील शहरी रस्त्यांचा प्रश्न टोलने सुटणार नाही.

महाराष्ट्राकडे राखीव कराचे स्वतःचे एक उदाहरण आहे. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला आणि त्यातून जमा होणाऱ्या रकमेइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी अशी तरतूद करण्यात आली. पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या या कराला त्या काळी लोकांनी मान्यता दिली ती तो कशासाठी आहे हे ठाऊक होते म्हणून, आणि कोणी काम मागितले तर ते देणे शासनावर कायद्याने बंधनकारक झाले होते म्हणून. कराला नाव असणे आणि त्या नावामागे कायदेशीर हक्क असणे, या दोन गोष्टी तेथे एकत्र आल्या.

रस्त्यांच्या बाबतीत हक्काची बाजू न्यायालयांनी पुढे नेली आहे. चांगले रस्ते मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. न भरलेल्या खड्ड्याची किंमत रस्त्याच्या मालकाला रोख मोजावी लागू शकते, ही यातली नवी गोष्ट आहे. आणि हक्क असा पैशात मोजता येऊ लागला की त्याच्या जोडीला पैशाची हमीही असावी लागते.

या सर्व विवेचनातून निष्कर्ष निघतो तो असा की, इंधनाचा कर वाढवण्याची मागणी आज, आहे त्या व्यवस्थेत, मान्य करण्याजोगी नाही. परंतु काही अटी पूर्ण झाल्यास ती पुन्हा विचारात घेण्याजोगी ठरेल. जमलेला उपकर त्याच वर्षी पूर्णपणे निधीत वळवला जावा आणि तो रस्त्यांपुरताच राहावा. त्याचा ठरावीक हिस्सा केवळ देखभालीसाठी राखून ठेवावा आणि तो नव्या बांधकामाकडे वळवण्यास मनाई असावी. १९२९ च्या सूत्राप्रमाणे खपाच्या प्रमाणात एक वाटा थेट जिल्हा परिषदा आणि महापालिकांपर्यंत जावा. आणि जड वाहनांची आकारणी हळूहळू वजन व अंतर यांच्याशी जोडली जावी. यांतील पहिल्या तीन अटींसाठी एका पैशाचीही करवाढ लागत नाही, कारण त्या आधीच जमा होणाऱ्या रकमेविषयी आहेत. त्या पाळल्यानंतरही दुरुस्तीला पैसा कमी पडला, तर तुटीचा आकडा रस्त्यागणिक मांडता येईल, आणि लिटरमागे आणखी एक रुपया मागताना तो कोणत्या रस्त्यासाठी हे शासनाला नागरिकांना सांगता येईल.